रुसव्याची खोली

“मी रुसलोय,” दाजी म्हणाले आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

मिरजेच्या सुमुहूर्त मंगल कार्यालयात मी त्या वेळी मॅनेजर होतो. त्या दिवशी मगदुमांच्या प्रतापचं लग्न होतं. दाजी म्हणजे प्रतापच्या थोरल्या आत्याचे यजमान, मगदुमांच्या घरचे सगळ्यांत जुने जावई. पांढरी मिशी, पांढरं धोतर, पांढरी टोपी. वराकडचा प्रत्येक पुरुष गुलाबी फेटा बांधून हिंडत होता, अगदी ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हरसुद्धा. त्या सगळ्या गुलाबी गर्दीत दाजींची टोपी पानाच्या कडेला वाढलेल्या मिठासारखी दिसत होती.

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

“आँ?”

“रुसायलाच पाहिजे. ड्रायव्हरला फेटा आणि घरच्या जावयाला नाही! तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा रुसलो असतो.”

तालमीत लांग कसून उतरावं आणि समोरच्या पैलवानानं आपण होऊन पाठ टेकावी, तसं दाजींचं झालं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“खोली नंबर पाच. पंखा चालू आहे, माठ भरलाय. आरामात रुसा.”

दाजी दोन पावलं गेले, थांबले, वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं असावं. पण तोवर मागून तिघांनी मला घेरलं, आणि दाजी धोतराचा सोगा सावरत पाच नंबरकडं निघून गेले.

या खोलीबद्दल सांगायला हवं. बाहेरगावची माणसं म्हणायची, असली खोली दुसऱ्या कुठल्या कार्यालयात बघितली नाही. मला त्या कार्यालयांची कीव येते. लग्न म्हटलं की कुणीतरी रुसणारच. मग तो माणूस कुठं बसणार? पूर्वी जिन्यात बसायचे. एकदा वराचे चुलते पाण्याच्या टाकीवर चढून रुसले आणि समजूत निघाल्यावर त्यांना खाली उतरता येईना. तेव्हापासून आमच्या मालकांनी, म्हणजे आप्पांनी, खोली नंबर पाच रुसव्यासाठी ठेवली. भाड्यातच धरलेली, वेगळा आकार नाही. आत एक खाट. मांडवाकडं उघडणारी एक खिडकी, कारण आपल्याला कोण शोधतंय हे रुसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. दाराला आतून कडी नव्हती; होती ती आप्पांनी काढून टाकली. रुसलेल्या माणसानं कडी लावून घेतली तर समजूत काढणाऱ्यानं काय करायचं? आणि स्वयंपाकघरात समजुतीचं ताट कायम तयार: नारळ, टॉवेल, विडा. कार्यालयाची जबाबदारी एवढीच. अमुक माणूस रुसलाय ही बातमी फोडणं हे ज्याच्या त्याच्या घरच्यांचं काम. आम्ही त्यात पडत नसू.

आता माझ्या “तुमचं बरोबर आहे”चं. मी जन्मजात मोठ्या आवाजाचा. मांडवातून हाक मारली तर स्टँडवरच्या पाच-सहा माणसांनी ओ द्यायची. त्यात वीस वर्षं लग्नं लावून डोकं तापलेलं. आदल्या हंगामात मी फुलांच्या कमानीत तोंड घालणाऱ्या घोड्यावर ओरडलो. घोडा जागचा हलला नाही. नवरदेव मात्र खाली उतरून पळाला आणि त्याला शोधून आणीपर्यंत मुहूर्त टळला. आप्पांनी मला घरी बोलावून घेतलं. म्हणाले, “केसकर, आता एकदा जरी तुमचा आवाज माझ्या घरापर्यंत आला, तर तुमच्या जागी आमचा विनीत बसेल.” विनीत त्यांचा भाचा. पुण्याला हॉटेलांचं शिक्षण घेऊन आला होता आणि बसायला जागाच शोधत होता.

आणि त्यांनी मला ताणमुक्तीच्या शिबिराला पाठवलं. तिथल्या नंदिनीताई भल्या बाई. म्हणाल्या, “सकाळी उठल्यावर दिवसाचा एक हेतू ठरवायचा. लहान, पाळता येईल असा. आणि राग आला की समोरच्याच्या जागी स्वतःला बसवून बघायचं.”

“आणि समोरचा चुकत असेल तर?” मी विचारलं.

“तरी म्हणून बघा, तुमचं बरोबर आहे. मग काय होतं ते बघा.”

काय होतं ते बाईंनी स्वतः कधी बघितलं नसावं. पण मी त्या सकाळी अंघोळ करून, देवापुढं हात जोडून हेतू ठरवला: आज जो येईल त्याला ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणायचं. आवाज चढवायचा नाही.

दाजी पाच नंबरमध्ये गेले आणि नवरदेवाचे वडील हिंदुराव मगदूम काउंटरवर आले. “केसकर, बँड पार मांडवाच्या दारापर्यंत यायला पाहिजे. मगदुमांच्या घरचं लग्न हाय.”

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

ते वळतात तोच नवरीचे वडील साळोखे. “साहेब, आमच्या आईला छातीचं दुखणं आहे. फाटकाच्या आत टिपरूसुद्धा वाजता कामा नये.”

“तुमचं बरोबर आहे.”

थोड्या वेळानं बँडमास्तर घाम पुसत आला. “दोघं म्हणतात, मॅनेजरसाहेबांनी आमचं बरोबर हाय म्हणून सांगितलं. आता मी करू काय?”

“दोघांचं बरोबर आहे,” मी नाभीपासून श्वास घेत म्हणालो. शिबिरात तसं शिकवलं होतं.

बँडमास्तर शहाणा माणूस. फाटकापर्यंत बँड दणाणत आला. फाटकाच्या आत पाऊल पडलं आणि आवाज बंद झाला, बँड मात्र तसाच चालत राहिला. गाल फुगवून, कर्ण्यावर बोटं नाचवत, ढोलाच्या चामड्यापासून चार बोटं वर टिपरू थांबवत, सगळा ताफा गुपचूप वाजवत मांडवाच्या दारापर्यंत आला. पुढं हिंदुरावांचे भाऊबंद तितक्याच शांतपणे नाचले. साळोख्यांच्या आई खुर्चीत बसून बघत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, “गेले गं बाई माझे कान.”

जेवणाचं तेच. मुलीकडच्यांना जिलेबी हवी, मुलाकडच्यांना श्रीखंड. दोघांचंही बरोबर होतं. आचारी तम्माण्णा झारा घेऊनच माझ्यापुढं उभा राहिला. “साहेब, पान एक, गोड एक, असं ठरलंय. दोघांचं बरोबर म्हंजे मी काय शिजवू? डोस्कं?”

“तुमचंही बरोबर आहे, तम्माण्णा.”

तो झारा घेऊन परत चुलीकडं गेला. मग त्यानं गरम जिलेबी थेट श्रीखंडात बुडवायला सुरुवात केली. तो पदार्थ मिरजेत अजून मिळतो. मी खात नाही.

या सगळ्या वेळात आप्पांचा विनीत माझ्या मागं मागं होता. बोलत काही नव्हता. हातात टेप घेऊन माझ्या काउंटरची, माझ्या खुर्चीमागच्या पडद्याची, माझ्या खुर्चीची मापं घेत होता. मी बसलेलो असताना त्यानं खुर्चीची रुंदी मोजली. “जरा सरकता का काका,” म्हणाला. मी सरकलो.

मुहूर्त जवळ आला. मांडव भरला. विनीतनं टेप गुंडाळून खिशात टाकली आणि अगदी आपुलकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“केसकरकाका, खरं सांगू? तुम्हाला आता विश्रांतीची गरज आहे. हे काम तरण्या माणसाचं. मामाही काल तेच म्हणत होते. तुम्हाला काय वाटतं?”

वीस वर्षांचा आवाज गळ्यापर्यंत चढला. आणि सकाळी मी देवापुढं हात जोडले होते.

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बघा!” विनीत खूश होऊन म्हणाला. “मामांना सांगतो, तुम्हालाही पटलंय म्हणून.”

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडलो नाही, एवढं नक्की. माझे पाय मला बोळातून घेऊन गेले. दार ढकललं आणि समोर खाटेवर दाजी ताठ बसले होते.

“ही खोली भरलीय,” दाजी म्हणाले.

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

“तुम्ही कशाला आलाय?”

“रुसलोय.”

“मॅनेजरनं रुसायचं असतंय व्हय?”

“माहीत नाही. पहिलीच वेळ आहे.”

दाजींनी मला वरून खाली न्याहाळलं. “असं पाय हलवत बसू नका. रुसलेला माणूस पाय हलवत न्हाई. आणि तोंड खिडकीकडं नको, भिंतीकडं. खिडकीतनं तिरकं बघायचं.”

मी तोंड भिंतीकडं केलं. पंखा कुरकुरत होता. मांडवातून बायकांचा कालवा येत होता.

“बाहेर माझी काय चौकशी?” दाजींनी भिंतीला विचारावं तसं विचारलं.

“तुमचं…” मी सुरुवात केली आणि थांबलो. या प्रश्नाला ते उत्तर बसत नव्हतं. “नाही, दाजी. कुणी विचारलं नाही.”

“सकाळपासनं?”

“सकाळपासून.”

दाजी हसले. तसलं हसू मला पुढं कधी बघायला मिळालं नाही आणि मिळू नये.

“फेटा नको होता मला,” ते म्हणाले. “फेट्यानं टाळकं दुखतंय माझं. कधीच आवडला न्हाई. पण आमची शेवंता फेटेवाल्याला आधी सांगायची, पयला आमच्या माणसाला बांध. मग मी म्हणायचो, रंग बरा न्हाई, आणि रुसायचो. मग ती बाहेर जायची. आधी बायकांत सांगायची, मग भावाच्या कानात. ‘हिंदू, तुझं दाजी रुसल्यात.’ की हिंदुराव धावत ताट घेऊन यायचा. मी न्हाई म्हणायचो. परत न्हाई म्हणायचो. तिसऱ्यांदा न्हाई म्हणलो की ती त्याच्या पाठीमागनं डोळ्यानं खुणवायची, पुरे आता. मी उठायचो. या घरातलं एक लग्न असं गेलं न्हाई, केसकर. लोकं म्हणायची दाजी लई रुसतोय. रुसत नव्हतो. आमचा दोघांचा ठरलेला खेळ हुता त्यो.”

“आणि आता…”

“मागल्या साली गेली ती. आणि आज सकाळी मांडवात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की रुसायचं हे एकट्याचं काम न्हवं. बाहेर जाऊन सांगणारं माणूस लागतंय. कुणीतरी सांगितल्याबिगर रुसवा कळणार कसा? म्हणून तुमच्याकडं आलो. जन्मात पयल्यांदा मी माझ्या तोंडानं म्हणलो, मी रुसलोय.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तर तुम्ही म्हणला, तुमचं बरोबर हाय.”

मी भिंतीकडंच बघत राहिलो. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढ्यात मांडवातला कालवा वाढला. दाजींनी झटक्यात टोपी घातली आणि खिडकीतून तिरकं बघितलं. माणसं इकडून तिकडं धावत होती. कुणी जिन्यात डोकावत होतं, कुणी टाकीकडं बघत होतं.

“शोधायला लागली!” दाजी कुजबुजले. त्यांनी मिशी सारखी केली, पाठ ताठ केली. “तोंड भिंतीकडं करा. हिंदुराव येतोय. ताटसुद्धा हाय.”

“केसकर!” हिंदुरावांचा आवाज बोळातून आला. “अहो केसकर! कुठं हायसा?”

दाजींची पाठ वाकली नाही. पण तिच्यातलं काहीतरी गेलं, ते मला शेजारी बसून कळलं.

माझ्या कमरेला भांडारघराची किल्ली होती. अंतरपाट, अक्षतांची ताटं, सगळं त्या खोलीत. मी कधी ती किल्ली कुणाकडं देत नसे, आणि त्या दिवशी तर मी लग्नासकट सगळं विसरलो होतो. दार उघडलं. पुढं हिंदुराव, मागं साळोखे, त्यांच्या मागं तम्माण्णा समजुतीचं ताट घेऊन, आणि शेवटी विनीत, टाचा उंचावून.

“केसकरसाहेब, काय चुकलं आमचं?” हिंदुराव हात जोडून म्हणाले. “नवरानवरी पाटावर उभी हायत. भटजी तिसऱ्यांदा गळा साफ करतोय. पोरीकडचं कोण काय बोललं काय?”

“आमच्याकडचं कोण बोलेल?” साळोखे म्हणाले. “तुमच्याकडचंच कुणीतरी…”

“साहेब, उठा,” तम्माण्णा म्हणाला. “कुठंच घावंना, तवा रुसलाच असणार म्हणून ताट घेऊनच आलो. नारळ घ्या. डोस्कं शिजवतो म्हणलो त्ये चुकलं माझं.”

मग हिंदुरावांची नजर खाटेच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“आरं! दाजी, तुम्ही आधीच आलाय व्हय यांची समजूत काढायला? लई बरं झालं. तुम्हीच सांगा यांना. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतंय?”

दाजी माझ्याकडं वळले. त्यांचे ओठ हलले. ते खरोखरच माझी समजूत काढायला लागणार होते. माणूस सांगितल्या कामाला नाही म्हणत नाही. आणि रुसलेल्या माणसानं ‘अहो, रुसलोय तो मी’ असं दुसऱ्यांदा स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं?

मी उभा राहिलो. विनीत माझ्याकडं बघत होता. नंदिनीताईंची आठवण झाली. नाभीपासून श्वास घ्या, त्या म्हणाल्या होत्या. मी घेतला. भरपूर घेतला.

“हिंदुराव, तुमचं चुकलंय!” मी म्हणालो. आणि मग तो सगळा श्वास सोडला.

“दाजी रुसलेत!”

पंख्याची कुरकुर थांबली असं मला वाटलं. मांडवातला कालवा तर नक्कीच थांबला. बँडवाले फाटकाबाहेर विड्या ओढत बसले होते; त्यांनी विड्या विझवल्या. साळोख्यांच्या आई खुर्चीतून म्हणाल्या, “आले गं बाई कान परत.” आप्पांचं घर कार्यालयापासून दोन गल्ल्या पलीकडं. तिथं आप्पांच्या हातातला चहा बशीत सांडला, हे मला नंतर कळलं.

“सकाळपासून रुसलेत!” मी तेवढ्याच आवाजात पुढं म्हणालो. “घरचे थोरले जावई! आणि शेवंताआक्का नाहीत, म्हणून सांगायला कुणी नाही!”

हिंदुराव दारातच उभे होते. त्यांच्या तोंडावरून आधी रंग गेला, मग काहीतरी दुसरंच आलं. त्यांनी तम्माण्णाच्या हातून ताट घेतलं, खाली ठेवलं. स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला.

“दाजी,” ते म्हणाले. “आक्काची जागा आज सकाळपासनं मला मांडवात दिसतीया. म्हणून मी तिकडं बघतच न्हवतो. तुमच्याकडंबी बघितलं न्हाई. चला. अंतरपाट कोण धरणार?”

“न्हाई,” दाजी भिंतीकडं बघत म्हणाले.

“दाजी, पाया पडतो.”

“न्हाई येणार. फेट्याचा रंग बरा न्हाई.”

“चला की वो दाजी. पोरगं आतोबा, आतोबा करतंय.”

“एकदा न्हाई म्हणलो न्हवं?”

बाहेर भटजींनी पुन्हा गळा साफ केला. दाजी भिंतीकडंच बघत होते. मग त्यांनी हळूच मान वळवली, हिंदुरावांच्या खांद्यावरून पाठीमागं नजर टाकली. तिथं कुणीच नव्हतं. रिकामा बोळ होता.

मी त्या बोळात जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यानं खुणावलं. पुरे आता.

दाजी उठले.

मुहूर्त साधला. अंतरपाटाचं एक टोक दाजींच्या हातात होतं, डोक्यावर हिंदुरावांचा फेटा. टाळकं दुखत असणार.

दुपार कलली, वऱ्हाडाच्या गाड्या निघायला लागल्या तेव्हा मी पाच नंबरमध्ये एकटाच खाटेवर बसलो होतो. विनीत कधीच आप्पांकडं गेला होता. त्याला सांगण्यासारखं खूप होतं. मी किल्ल्यांचा जुडगा काढून उशाशी ठेवला. भिंतीकडं तोंड केलं. पाय हलवले नाहीत.

दार उघडलं. दाजी. हातात समजुतीचं ताट.

“गाडी थांबवून आलोय,” ते म्हणाले. “तुमची समजूत राहिली.”

“माझं काय नाही हो, दाजी.”

“भाचं तुमच्या जागेवर बसणार, असं आचारी सांगत हुता.”

“जाऊ द्या. मी आवाज चढवणार नाही म्हणून देवापुढं ठरवलं होतं. मोडलं ते मीच.”

“न्हाई म्हणून झालं दोनदा,” दाजी म्हणाले. “आणखी एकदा म्हणा.”

“नाही, दाजी.”

दाजी खाटेवर माझ्याशेजारी बसले. नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

“सकाळी तुम्ही मला म्हणला न्हवं, तुमच्या जागी मी असतो तर मीबी रुसलो असतो? आता मी तुम्हाला म्हणतो. तुमचं बरोबर हाय, केसकर.”

दिवसभर ते वाक्य मी येईल त्याच्या हातावर प्रसादासारखं ठेवत आलो होतो. माझ्या हातावर ते कुणी ठेवलं नव्हतं. मी नारळाच्या शेंडीकडं बघत राहिलो. दाजींनी घाई केली नाही. त्यांना यातलं कळत होतं. मग त्यांनी डोळ्यानं खुणावलं.

मी उठलो.

“आता चला,” दाजी धोतर झटकत म्हणाले.

“कुठं?”

“तुमच्या आप्पांकडं. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो आणि रुसतो. बघू कसं काढत्यात तुम्हाला. मी रुसतो, तुम्ही आत जाऊन सांगा.”

“अहो पण आप्पा तुमचे कोण? ना नातं, ना ओळख.”

“मग तर समजूत काढायला त्यांना लई जड जाईल.”

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

आप्पांनी जवळजवळ दिवेलागणीपर्यंत दम धरला. मग त्यांच्या घरात नारळ नव्हता, म्हणून आणायला विनीतला पाठवलं.